बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं



पाळकाचं काम करताना एक तक्रार माझ्या कानावर फार वेळा येते. ती करणारी माणसं चर्चपासून दुरावलेली नसतात. चांगली पहिल्या-दुसऱ्या बाकावर बसणारी असतात. लहानपणी बाप्तिस्मा झालेला, संडे स्कूलमध्ये वचनं पाठ केलेली, ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक निम्म्याहून अधिक तोंडपाठ. चाळिशी-पन्नाशीला आलेला असा एखादा सभासद उपासना संपल्यावर जरा रेंगाळतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, “पाळकसाहेब, सगळं नीट चाललंय, पण प्रार्थनेला बसलं की पलीकडं कुणी आहे असं वाटतच नाही.”

मग तोच उपाय सुचवू लागतो. उपास धरू का? पहाटे चारला उठू का? वर्षभरात सगळं बायबल वाचून काढू का? मी त्याला थांबवतो आणि एवढंच विचारतो, की आत्ता मला जे सांगितलंत ते देवाला सांगितलंत का? बहुतेकांनी सांगितलेलं नसतं. देवापुढं असं कसं बोलायचं, म्हणतात. देवाशी नातं खोल व्हायचं असेल तर सुरुवात तिथूनच होते, असं माझं मत आहे, आणि त्याला मोठा आधार आपल्याच मातीत आहे.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथं झाला. तो काही भावनेच्या भरात झालेला नव्हता. पुराणं सांगत देशभर पायी फिरलेली, कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई. वाँटेजच्या भगिनी लंडनमध्ये समाजानं टाकलेल्या स्त्रियांसाठी काय काम करतात ते तिनं पाहिलं. विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलणारा येशू तिनं योहानाच्या शुभवर्तमानात वाचला. मग विचार करून पाऊल टाकलं. बाप्तिस्म्यानंतरही तिचे प्रश्न थांबले नाहीत. वाँटेजच्या सिस्टर जेरल्डिन आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील, या दोघींशी तिनं पत्रांतून त्रैक्यावर, चर्चच्या अधिकारावर वाद घातले. त्यांना ते जड गेलं. ती पत्रं आज छापील उपलब्ध आहेत. एवढा निर्भीड विश्वासू माणूस आपल्या मंडळीत असला, तर आपण त्याला कमिटीवर घेऊ की बाहेर काढू, हा विचार ती वाचताना माझ्या मनात येतोच.

पुढं 1889 मध्ये मुंबईत तिची ‘शारदासदन’ ही संस्था निघाली, पुढल्या वर्षी ती पुण्याला आली. नाव झालं, विरोध झाला, अमेरिकेतून मदत येत होती. आणि याच सुमारास, बाप्तिस्म्याला आठेक वर्षं होऊन गेल्यावर, रमाबाईंच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला आहे, पण ज्याच्या नावानं तो धर्म चालतो तो ख्रिस्त अजून गवसलेला नाही. हे त्यांनी स्वतःच 1907 साली आपल्या साक्षीत लिहून ठेवलं. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं होतं. चर्चचं काम करत असतानाच आपला खरा पालट व्हायचा राहिलाय, हे त्याला कसं उमगलं, ते त्यात आहे. रमाबाईंनी ते स्वतःला लावून पाहिलं.

इथं जरा थांबू या. रमाबाईंना हे बोलायची काही गरज नव्हती. संस्था चालू होती, जग त्यांना ख्रिस्ती म्हणूनच ओळखत होतं, कुणी विचारायलाही आलं नव्हतं. गप्प राहिल्या असत्या तरी कुणाला कळलं नसतं. पण देवापुढं त्यांनी आपली रिकामी जागा रिकामी म्हणून दाखवली. केडगावचं मुक्ती मिशन, मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर, हे सगळं त्या कबुलीनंतरचं आहे. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी भाषांतराचं काम पूर्ण करूनच 1922 च्या एप्रिलमध्ये त्यांनी डोळे मिटले.

आता तुम्ही म्हणाल, त्या पंडिता होत्या, आम्ही काय करायचं? तुमच्यासाठी दीडशे स्तोत्रं आहेत. स्तोत्रसंहितेतला तिसरा हिस्सा तरी गाऱ्हाण्यांचा आहे. आपण मात्र तेविसावं स्तोत्र पाठ करतो, शंभरावं म्हणतो आणि बाकीची पानं उलटून टाकतो. तेराव्या स्तोत्रात दावीद पहिल्या दोन वचनांतच देवाला चार वेळा विचारतो, की हे अजून किती काळ चालायचं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे. आपल्याकडच्या माणसाला हे परकं वाटू नये. तुकोबांनी विठोबाशी जे भांडण केलं, जनाबाईनं त्याला जे सुनावलं, ते ऐकतच आपण वाढलो. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर उघड म्हणत, की आपण ख्रिस्तापाशी पोचलो ते तुकारामाच्या सेतूवरून. मग ख्रिस्ती झाल्यावर आपली प्रार्थना अर्जासारखी का व्हावी? ‘हे कृपाळू, दयाळू, सर्वसमर्थ’ म्हणून सुरू करायची, मजकूर ठरलेला, शेवटी आमेन!

म्हणून पहिला सल्ला असा. आजपासून रोज रात्री एक स्तोत्र मोठ्यानं वाचा, वगळावंसं वाटेल तेसुद्धा. मग त्या दिवशी मनात जे असेल ते साध्या घरच्या बोलीत दोन-तीन वाक्यांत सांगा. कंटाळा आला असेल तर कंटाळा आला म्हणा. भावाचा राग आला असेल तर त्याचं नाव घेऊन सांगा. काहीच वाटत नसेल तर तेही सांगा.

वाचनाबद्दल थोडक्यात. वर्षभरात बायबल पूर्ण करण्याचे तक्ते मिळतात; माझा त्यांना विरोध नाही, पण नात्यासाठी त्यांचा उपयोग कमी. मार्ककृत शुभवर्तमान सोळाच अध्यायांचं आहे. एका रविवारी दुपारी ते सलग, मोठ्यानं वाचून काढा. दीड-दोन तास लागतील. मग त्यातला एकच प्रसंग घेऊन आठवडाभर त्याच्यापाशी बसा. मी दहाव्या अध्यायातला बार्तीमय घ्यायला सांगतो. तो आंधळा भिकारी रस्त्याकडेला बसून ओरडतोय, लोक त्याला गप्प बसवतायत. येशू त्याला जवळ बोलावतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला काय हवं असणार हे काय विचारायचं? तरी विचारलं. तोच प्रश्न आठवडाभर तुम्हाला विचारलाय असं समजा. सोमवारचं उत्तर आणि शनिवारचं उत्तर एकच राहत नाही असा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट रोज रात्री दिवसाचा आढावा घ्यायची. ही पद्धत संत इग्नेशियस लोयोलांची. ते मुळात सैनिक. 1521 मध्ये तोफेच्या गोळ्यानं पाय मोडला आणि घरी पडून राहावं लागलं. तेव्हा पराक्रमाची स्वप्नं रंगवली की तेवढ्यापुरती मजा येते, पण मागं मन कोरडं पडतं; संतांची चरित्रं वाचून जे विचार येतात त्यांच्यामागं समाधान उरतं, हे त्यांनी हेरलं. तसंच तुम्हीही दिवा मालवण्याआधी पाच-दहा मिनिटं दिवस डोळ्यांपुढून जाऊ द्या. मन कुठं उजळलं, कुठं आक्रसलं, एवढं पाहा, जे मिळालं त्याचे आभार माना, जे चुकलं त्याची क्षमा मागा आणि झोपा. स्वतःवर खटला भरायची ही वेळ नव्हे.

आणि इतकं करूनही काहीच जाणवलं नाही तर? बरेच दिवस जाणवणारही नाही. आविलाच्या संत तेरेजांना तर अनेक वर्षं जाणवलं नव्हतं. 1515 मध्ये स्पेनमध्ये जन्मलेल्या, प्रार्थनेच्या गुरू मानल्या गेलेल्या या बाईंनी आत्मचरित्रात सरळ लिहिलंय, की प्रार्थनेच्या तासाला बसल्यावर देवापेक्षा घड्याळाच्या टोल्याकडंच माझं लक्ष जास्त असे. एकदा तर त्यांनी प्रार्थना सोडूनच दिली होती, वर्षभर किंवा जास्तच. पुढं त्यांनी प्रार्थनेचे चार टप्पे बागेला पाणी देण्यावरून समजावले: आधी विहिरीतून हातानं शेंदायचं, मग रहाट, मग ओढ्याचं पाणी आपसूक यायचं आणि शेवटी पाऊस. शेंदून ज्यांचे हात भरून आलेत त्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. तेरेजांचा मुद्दा असा, की विहीर कोरडी लागली तरी ठरल्या वेळी विहिरीवर जायचं. पाणी देणं हे बागेच्या मालकाचं काम. म्हणून वेळ थोडी ठरवा, पण ठरलेली ठेवा. पंधरा मिनिटं पुरेत. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

इथं एक इशारा. प्रार्थना कोरडी होणं वेगळं आणि मनाचा आजार वेगळा. झोप उडाली, जेवण जाईना, कशातच रस राहिला नाही, मरणाचे विचार येऊ लागले, तर ती विश्वासाची परीक्षा समजून बसू नका. डॉक्टरकडं जा, मानसोपचारतज्ज्ञाकडं जा. गोळी घेतल्यानं विश्वास उणा होत नाही. आणि जो कुणी ‘एवढी देणगी द्या, विश्वासानं द्या, मग देव ऐकेल’ असं सांगतो, त्याला नम्रपणे दारातूनच परत पाठवा, असं मी म्हणेन.

नातं वाढतंय हे ओळखायचं कसं, हाही प्रश्न येतो. सभेत कुणी रडलं, कुणाला दर्शन झालं, की आपण लगेच मापं लावतो. तेरेजा त्याबाबत फार व्यवहारी. आपण देवावर किती प्रेम करतो हे कळायला मार्ग नाही, त्या म्हणतात. शेजाऱ्यावर करतो की नाही ते मात्र दिसतं. आजारी बहिणीला तुझी गरज असेल तर ध्यान सोडून खुशाल ऊठ, असंही त्यांनी आपल्या भगिनींना बजावलं. नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं पाहा. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, सोवळं-ओवळं कडक पाळलं. 1900 साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला, पण त्याआधी मनातून जातिभेद गळून पडला होता. ख्रिस्तावरचा विश्वास त्याच्यामागून आला. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना हा क्रम आठवत असेल. आपल्या काही मंडळ्यांत सोयरीक जमवताना अजून जात विचारली जाते. बाप्तिस्म्याला पिढ्या लोटल्यात!

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूनं शेजाऱ्यावरच्या या प्रेमाबद्दल फार अडचणीची गोष्ट सांगितली आहे. वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि तिथं आठवलं, की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. आपल्याकडं वाटणीवरून, चर्चच्या जागेवरून, कमिटीच्या निवडणुकीवरून वर्षानुवर्षं अबोला धरलेली माणसं एकाच बाकावर बसून प्रभुभोजन घेतात. हे ऐकताना तुम्हाला एखादं नाव आठवलं असेल, तर या आठवड्यात त्याला फोन करा. समोरचा बोलेलच असं नाही. पौलानं रोमकरांना लिहिताना ‘तुमच्याकडून होईल तितकं’ एवढी सवलत ठेवलीच आहे. आणि तोवर रविवारचं अर्पणाचं पाकीट खिशातच राहिलं तरी चालेल. खजिनदारांना काय सांगायचं ते मी बघतो.