बरोबरीच्या खुर्च्या

वाराणसीच्या डिझेल रेल्वे इंजिन कारखान्यातून १९६४ साली पहिले इंजिन बाहेर पडले. २०२० पासून तो बनारस रेल इंजन कारखाना म्हणून ओळखला जातो. असे इंजिन अनेक विभागांच्या हातून पुरे होते, आणि कोठे काय अडते ते सर्वप्रथम जोडाऱ्याला कळते. अशा माणसाचे म्हणणे बैठकीत यावे, यासाठी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कार्यसमितीची तरतूद झाली. कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींहून कमी नसावेत, असा दंडक होता. खुर्च्या बरोबरीच्या झाल्या. पण केंद्रीय नियमांनुसार अध्यक्ष मालकाने नेमायचा, आणि तो शक्यतो आस्थापनेचा प्रमुखच असायचा. प्रमुखाने प्रारंभीच आपले मत सांगून टाकले, तर जोडारी तोंड कशाला उघडील? त्यातून घरी भोजपुरी बोलणाऱ्यापुढे इंग्रजी टिपण ठेवले, की संपलेच!

लष्करी न्यायालयात सर्वांत कनिष्ठ सदस्याचे मत आधी घेतात, ते उगाच नव्हे. कार्यसमितीतही अध्यक्षाने शेवटी बोलावे. विषयपत्रिका दोन दिवस आधी, हिंदीतून, सर्वांच्या हाती द्यावी. गप्प बसलेल्याला नावाने विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. पहिल्या काही बैठका यामुळे लांबतील, हे उघडच आहे.