वेळ पदार्थाचा आणि वेळ बाईचा



सावकाशीचा स्वयंपाक चांगला की झटपट, या प्रश्नावर घरोघरी सासू-सुनांचे दोन पक्ष पडतात. मला वाटते, हा वाद चवीचा नसून हिशेबाचा आहे.

स्वयंपाकात वेळ दोन प्रकारे जातो. विरजण लागायला रात्र जाते, मटकीला मोड यायला दिवस-रात्र लागते. पण तेवढ्यात आपण झोपतो, शेतावर जाऊन येतो. तो वेळ पदार्थाचा. पहाटे जात्यावर बसणे, ओल्या सरपणाशी डोळे चोळणे, हा वेळ मात्र बाईचा. गिरणी आली नि ओव्या थांबल्या, याची हळहळ पुष्कळांना वाटते. दळणाऱ्या मनगटांना कोणी विचारले होते का?

माझे म्हणणे एवढेच की, पदार्थाचा वेळ जपावा आणि बाईचा वाचवावा.

प्रेशर कुकरात वाफ कोंडली की पाणी सुमारे १२० अंशांवर उकळते, म्हणून तूरडाळ लवकर शिजते. त्यात कमीपणा कसला? शिट्टी होताच आच मंद करावी, म्हणजे गॅसही वाचतो. प्रेशर कुकर घरोघरी येण्याच्याही आधी, १९१० साली, कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर काढला. खाली कोळशाची शेगडी, वर भात-डाळ-भाजीचे डबे. अन्न सावकाशच शिजे. पण बाईला राखण करीत उभे राहावे लागत नसे.

मात्र प्रत्येक घाई ही बचत नव्हे. कडधान्य लवकर शिजावे म्हणून सोडा टाकला, तर त्यातले 'ब-१' जीवनसत्त्व नष्ट होते. रात्री भिजत घालायला दोन मिनिटे पुरतात. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश असल्याने ते लवकर कडू पडते. महिन्याचे दळण एकदम आणून श्रम वाचतात, भाकरी बिघडते. हुलग्याचे शेंगोळे तर हातानेच वळावेत. पण ते एकट्या सुनेनेच का? मुलांनी आणि पुरुषांनीही परातीभोवती बसावे.

२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, पुष्कळ घरांत गॅस आला. तरी 'भाकरी चुलीवरचीच हवी' हा आग्रह सुटत नाही. आग्रह जरूर धरावा. मात्र धरणाऱ्याने फुंकणी हाती घेऊन धुराशेजारी बसावे!

भगिनींनो, खरा प्रश्न पुढेच आहे. यंत्राने वाचवलेला तास कोणाच्या खाती जमा होतो? कुकर आला म्हणून ताटात आणखी दोन पदार्थ मागितले जाणार असतील, तर बाईच्या पदरात काय पडले? तो तास वाचनाला, विश्रांतीला, चार मैत्रिणींना द्या. घरच्यांना तसे स्पष्ट सांगा. सून सांगू लागली, तर सासूबाईंनी तिच्या बाजूने उभे राहावे, एवढीच माझी विनंती आहे.