निगेटिव्ह म्हणजे फोटोचं बियाणं

हात कामात असू देत, कान तेवढे इकडे द्या.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी भिंतीला ओल आली. त्यांच्या यजमानांचा एकुलता एक फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला. सोडवायला गेलो, तर चेहरा काचेवरच राहिला. यजमान जाऊन आठ वर्षं झालेली. ताई काच हातात धरून नुसत्या बसून राहिल्या.

मग सासूबाईंना आठवलं, लग्नातल्या निगेटिव्ह ट्रंकेत आहेत. पाच पट्ट्या निघाल्या. तीन बुरशीने खाल्लेल्या, दोन बऱ्या. त्यातल्या एकीवरून तालुक्याच्या स्टुडिओत फोटो करून मिळाला.

तेव्हा आम्हाला कळलं, निगेटिव्ह म्हणजे फोटोचं बियाणं. फोटो गेला तरी त्यातून परत उगवतो. पण बियाणं जपावं लागतं. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, दमट हवेत बुरशीला ते खाणंच मिळतं. उष्णतेने रंगीत फिल्मचे रंग उडतात. जुन्या फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर ती कुजू लागली असं समजा आणि बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा.

हे सगळं थंड, कोरड्या जागी फार सावकाश होतं. १९१३ सालचा दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आज अख्खा उरलेला नाही. म्हणून तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुन्या फिल्म थंड खोल्यांत ठेवतात. आमच्याकडे तशी खोली नाही, पण आंब्याच्या रसासाठी घेतलेला गटाचा डीप फ्रीजर आहे. त्यात एक कोपरा आम्ही निगेटिव्हना दिला.

आता पद्धत ऐका. पावसाळ्यात पॅकिंग करू नका, पिशवीत दमट हवा कोंडते. दिवाळीनंतरचा कोरडा दिवस निवडा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. पट्टी कडेने धरा, ओल्या फडक्याने पुसू नका. प्रत्येक पट्टी साध्या कागदी पाकिटात घाला. पाकिटावर नाव आणि साल पेन्सिलीने आधीच लिहून ठेवा. पाकिटं झिपच्या पिशवीत ठेवून हवा काढा, वरून दुसरी तशीच पिशवी घाला. मग घट्ट झाकणाचा डबा.

आमची एक चूकही सांगतो. गटाच्या वर्धापनदिनाला पहिल्या मेळाव्याच्या निगेटिव्ह दाखवायच्या होत्या. उत्साहाच्या भरात फ्रीजरमधून काढून लगेच पिशवी उघडली. थंड तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तसं फिल्मवर सुटलं. दोन पट्ट्या एकमेकींना चिकटल्या, त्या गेल्या त्या गेल्याच. म्हणून पिशवी बाहेर काढली की रात्रभर तशीच राहू द्या, सकाळी उघडा. घाई असेल तर काढूच नका.

लाइट जाते त्याचं काय, असं तुम्ही विचाराल. आम्हीही विचारलं होतं. लाइट गेली की फ्रीजरचं झाकण उघडायचं नाही. पिशव्या नीट बंद असतील तर आत ओल जात नाही. पण जिथे दोन-दोन दिवस लाइट नसते, तिथे फ्रीजरच्या नादी लागू नका. घरातल्या थंड, कोरड्या कपाटात ठेवा. चुलीच्या वर नको, पत्र्याखालच्या माळ्यावर तर नकोच. काचेच्या जुन्या निगेटिव्ह आणि भिजलेल्या पट्ट्या फ्रीजरमध्ये घालू नका. आणि आत ठेवण्याआधी स्टुडिओतून एक प्रत काढून घ्या, म्हणजे पुन्हापुन्हा डबा उघडावा लागत नाही.

आता आमच्या डब्यात अकरा घरांची पाकिटं आहेत. जिची निगेटिव्ह, तिला विचारल्याशिवाय डबा उघडायचा नाही, असा ठराव वहीत लिहिला आहे. त्या ताईंचं पाकीट सगळ्यात वर आहे.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात ट्रंक उघडा, सासूबाईंना विचारा. काय सापडलं ते गटाच्या बैठकीत सांगा. नमस्कार!