चाक आणि चेंडू

खेळांत पैसा वाढला म्हणजे एक जुना प्रश्न पुनः पुढें येतो: विजय नेमका कोणाचा, आणि त्याचें मोल कोणाच्या पदरीं पडावें? ‘फॉर्म्युला वन’ ही मोटारींची शर्यत आणि फुटबॉल हे दोन खेळ शेजारीं ठेवून पाहिले असतां ह्या प्रश्नाचें स्वरूप अधिक स्पष्ट होतें.

प्रथम रकमा पाहाव्या. ‘फोर्ब्स’ ह्या अमेरिकन मासिकाच्या अंदाजाप्रमाणें २०२४ सालीं मॅक्स व्हर्स्टॅपन ह्या चालकाची वेतन व बक्षिसें मिळून प्राप्ति सुमारें साडेसात कोटि डॉलर होती. त्याच सालच्या यादींत क्रिस्तियानो रोनाल्डो ह्या फुटबॉलपटूची निव्वळ मैदानावरची मिळकत सुमारें वीस कोटि डॉलर दाखविली होती.

फुटबॉलपटूचे दिवस नेहमींच असे नव्हते. इंग्लंडच्या फुटबॉल लीगनें १९०१ सालीं खेळाडूच्या वेतनास आठवड्याला चार पौंडांची मर्यादा घातली. ती वाढत वाढत १९६१ पर्यंत अवघ्या वीस पौंडांवर आली होती. मैदानें प्रेक्षकांनीं भरून जात. परंतु त्या उत्पन्नांत खेळाडूचा वाटा ठरलेलाच राही. अखेर जिमी हिल यांच्या नेतृत्वाखालीं खेळाडूंनीं संपाची तयारी केली, तेव्हां ती मर्यादा उठली; आणि फुलहॅम संघाच्या जॉनी हेन्स याला आठवड्यास शंभर पौंड मिळूं लागले.

परंतु वेतन वाढलें म्हणून संघ जिंकतोच असें नाहीं. रोनाल्डो जानेवारी २०२३ मध्यें अल नस्र संघांत दाखल झाला. त्या व पुढील दोन हंगामांत सौदी लीगचें विजेतेपद दुसऱ्याच संघांकडे गेलें. तो अकरांतील एक होता.

चालकाची गोष्ट निराळी. त्याचे सोबती कारखान्यांत असतात. विल्यम्स संघाच्या मंद मोटारींत जॉर्ज रसेल याला एकहि गुण मिळाला नव्हता. डिसेंबर २०२० मध्यें लुइस हॅमिल्टन करोनानें आजारी पडला, तेव्हां बहरीनमधील साखीर शर्यतीपुरती रसेल याला मर्सिडीजची मोटार मिळाली, आणि हाच तरुण आघाडीवर धावूं लागला. पुढें टायर बदलतांना घोटाळा होऊन त्याच्या मोटारीस सहकाऱ्याचे टायर बसविले गेले. मागाहून एक टायर पंक्चर झाला, आणि तो नववा आला. मोटारीनें त्याला वर नेलें, आणि मोटारीच्याच सेवेंतील चुकीनें मागें ओढलें.

तथापि चालक म्हणजे केवळ मोटारीचा प्रवासी नव्हे. २०२४ सालीं एकाच रेडबुल संघांत व्हर्स्टॅपन याला ४३७, तर सर्जिओ पेरेझ याला १५२ गुण मिळाले. व्हर्स्टॅपन जगज्जेता झाला, परंतु संघ तिसरा आला. आणि संघाच्या क्रमांकावर त्याच्या बक्षिसाची रक्कम अवलंबून असते.

२०२१ पासून ह्या संघांच्या वार्षिक खर्चास मर्यादा आली. त्या वर्षीं ती साडेचौदा कोटि डॉलर होती. मात्र चालकांचें वेतन तींतून वगळलें आहे. टायर बदलणाऱ्या कारागिराचें नाहीं. १९६१ पूर्वीं मर्यादेंत चेंडू खेळणारा होता. आतां चाक बसविणारा आहे. ज्याच्या हातून शर्यत हुकूं शकते, त्याच्या हातून ती जिंकलीहि जाते, एवढें तरी हिशेबांत धरणें न्यायाचें होय.