दान खाटेपर्यंत पोहोचावे

(पालम येथे कार्यकर्ते आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या भाषणाचा पाठ)



गावात अखंड हरिनाम सप्ताह कसा उभा राहतो, हे पालमकरांना सांगण्याची आवश्यकता नाही. पंगतीसाठी कोणी ज्वारीचे पोते देतो, कोणी तेलाचा डबा, कोणी गूळ. ज्याच्या घरी द्यायला काहीच नसते, तो आचाऱ्याच्या हाताखाली उभा राहतो किंवा पत्रावळी उचलतो. काल्याचे कीर्तन आटोपले की जमाखर्च गावासमोर वाचला जातो आणि उरलेले धान्य कोठे ठेवले, हेही सांगितले जाते. सात दिवस गाव जेवते आणि कोणी कोणावर उपकार केले, असे कोणालाही वाटत नाही.

त्याच गावातील एखादी बाळंतीण अडते, एखाद्या सालगड्याच्या छातीत कळ येते, तेव्हा चित्र पालटते. ग्रामीण रुग्णालयातून 'पुढे न्या' असे सांगितले जाते आणि त्या क्षणापासून ते कुटुंब एकटे पडते. सप्ताहात एकत्र येणारा समाज रुग्णालयाच्या दाराशी मात्र विखुरलेला असतो. आजच्या विषयाचे मूळ या विसंगतीत आहे.

पालमचा रुग्ण पुढे जातो म्हणजे कोठे जातो? बहुधा नांदेडला किंवा परभणीला, क्वचित लातूर-अंबाजोगाईला. निजामी राजवटीतून मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला, तेव्हा या भूमीवर एकही वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. पहिले औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९५६ मध्ये निघाले. त्यानंतर १९७४ मध्ये अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे आणि १९८८ मध्ये नांदेडला, आज डॉ. शंकरराव चव्हाण यांचे नाव असलेले महाविद्यालय सुरू झाले. २०२३ मध्ये परभणीतही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ही सारी महाविद्यालये १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत. जे केंद्र एके काळी हैदराबादला होते, ते आता जिल्ह्याच्या ठिकाणी आले आहे. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही.

परंतु इमारत जवळ आली म्हणजे उपचार जवळ आला, असे होत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका रुग्णाला नेते, महात्मा फुले योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च भागतो, खाटही मिळते. मात्र रुग्णासोबत आलेल्या आईने बारा दिवस कोठे झोपावे, काय खावे? बाहेरून आणायला सांगितलेल्या तपासणीचे पैसे कोठून यावेत? रक्त कोणी द्यावे? घरी परतताना गाडीचे भाडे कोणी भरावे? बुडालेल्या मजुरीचा हिशेब तर कोणत्याच योजनेत नसतो. खाट फुकट मिळते. खाटेशेजारी बसणे फुकट नसते. त्या बसण्यासाठी शेळी विकली जाते, खासगी सावकाराचे दार ठोठावले जाते, आणि कित्येकदा उपचार अर्धवट टाकून रुग्णाला घरी आणले जाते.

येथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. सरकारी रुग्णालय चालवणे हे सरकारचे काम आहे. लोक कर भरतात. मग वर कशासाठी द्यायचे? ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. औषधे आणि मनुष्यबळ अपुरे असल्याचा आरोप झाला. औषधांचा तुटवडा नव्हता, दूरदूरच्या भागांतून रुग्ण अत्यवस्थ स्थितीत शेवटच्या घटकेला येतात, असे रुग्णालयाने सांगितले. वाद काहीही असो, त्या बारा घरांतील पाळणे रिकामे राहिले, हे सत्य उरतेच. औषधखरेदी, डॉक्टरांची रिक्त पदे, परिचारिकांची संख्या ही उत्तरदायित्वे शासनाचीच आहेत. तेथे लोकवर्गणीचे ठिगळ लावले, तर शासनाची सुटका होईल आणि रुग्ण मात्र तेथेच राहील. म्हणून दात्याने प्रथम हे ओळखावे की कोणत्या ठिकाणी द्यायचे आणि कोणत्या ठिकाणी जाब विचारायचा. पण 'अत्यवस्थ स्थितीत उशिरा येतात' या वाक्याचा काही भाग समाजाकडे बोट दाखवतो. घरात भाड्याचे पैसे नाहीत, सोबत यायला कोणी नाही, कोठे जावे हे सांगणारे कोणी नाही, म्हणून जो उशीर होतो, तो शासकीय आदेशाने दूर होणारा नाही. शेजाऱ्याने हलायला हवे.

या देशात वैद्यकीय शिक्षणाची मोठी केंद्रे केवळ सरकारी तिजोरीतून उभी राहिली, ही समजूतही खरी नाही. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांनी एक लाख रुपये दिले आणि कंपनी सरकारला त्यात भर घालावी लागली, त्यातून जे.जे. रुग्णालय उभे राहिले. शेजारच्या ग्रँट मेडिकल कॉलेजसाठी नागरिकांनी वर्गणी जमवली आणि ते १८४५ मध्ये सुरू झाले. त्याच्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड शिकले आणि पुढे गरिबांवर विनामूल्य उपचार करणारे वैद्य म्हणून मुंबईत वंदनीय ठरले. म्हणजे दान इमारतीत अडकले नाही, ते शिकलेल्या विद्यार्थ्याच्या हातून रुग्णापर्यंत पोहोचले.

१९२६ मध्ये परळला के.ई.एम. रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याची कथा प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावी अशी आहे. त्या काळात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापकांच्या जागा मुख्यतः इंग्रज अधिकाऱ्यांसाठी राखलेल्या असत. गोवर्धनदासांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली की या महाविद्यालयात शिकवणारे सर्व अध्यापक पात्र भारतीयच असतील आणि ते सरकारी नोकरीतील नसतील. पैशाने केवळ भिंती उभ्या केल्या नाहीत. त्या भिंतींच्या आत कोणाचा स्वाभिमान नांदेल, हेही ठरवले. अमेरिकेतही अशीच घटना घडली होती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाकडे वैद्यकीय शाळा काढण्यास पैसा कमी पडला, तेव्हा महिलांच्या समितीने तो उभा केला आणि अट घातली की मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश द्यावा. १८९३ मध्ये ती शाळा त्या अटीसह उघडली. दाता जागरूक असेल तर दान दिशा देते. तो जागरूक नसेल तर दानातून फक्त संगमरवरी पाटी उरते.

पंडित मदनमोहन मालवीयांनी काशीच्या हिंदू विद्यापीठासाठी देशभर झोळी फिरवली. राजे-महाराजांपासून सामान्य गृहस्थापर्यंत सर्वांच्या दाराशी ते गेले. १९१६ मध्ये पायाभरणी झालेल्या त्या विद्यापीठात पुढे श्रीगुरुजी शिकले आणि त्यांनी तेथे अध्यापनही केले. आज त्याच विद्यापीठाच्या वैद्यकीय विज्ञान संस्थेचे सर सुंदरलाल रुग्णालय पूर्व उत्तर प्रदेश आणि पश्चिम बिहारच्या गरिबांचा आधार आहे. स्वतः डॉ. हेडगेवार १९१० मध्ये नागपूर सोडून कोलकात्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजात गेले. स्वदेशीच्या भावनेतून, सरकारी आश्रयाशिवाय चाललेली ती संस्था होती. समाजाने दिलेल्या पैशावर शिकलेल्या त्या डॉक्टरांनी पुढे दवाखाना थाटला नाही. समाजाचीच नाडी हाती घेतली.

मराठवाड्यातील उदाहरणे तर हाकेच्या अंतरावर आहेत. पुण्यात उत्तम शिक्षण घेतलेले डॉ. अशोकराव कुकडे, डॉ. ज्योत्स्नाताई कुकडे आणि त्यांचे सहकारी १९६६ मध्ये लातूरला आले आणि त्यांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केले. शहरात सहज मिळाली असती अशी प्राप्ती त्यांनी नाकारली. डॉ. कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळाले, पण त्यापूर्वीची पन्नासहून अधिक वर्षे ही खरी पदवी होती. १९८९ मध्ये तरुण डॉक्टरांच्या एका गटाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर वैद्यकीय प्रतिष्ठानच्या माध्यमातून संभाजीनगरला डॉ. हेडगेवार रुग्णालय उभे केले. या दोन्ही ठिकाणी पैशापूर्वी माणसे आली. माणसे टिकली, म्हणून पैसा आला.

तरीही कोणी म्हणेल, आपल्या संस्था आहेतच; सरकारी महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे कशाला वळायचे? याचे उत्तर परळलाच मिळते. संघाचे प्रचारक आणि डॉ. हेडगेवारांचे चरित्रकार नाना पालकर यांच्या स्मरणार्थ १९६८ मध्ये तेथे समिती स्थापन झाली. के.ई.एम. आणि टाटा रुग्णालयांत बाहेरगावाहून येणाऱ्या रुग्णांची आणि त्यांच्या नातेवाइकांची अल्पदरात राहण्या-जेवण्याची सोय ती करते. समितीने नवे महाविद्यालय काढले नाही. महापालिकेच्या आणि टाटांच्या मोठ्या रुग्णालयांच्या सावलीत, त्यांच्या उपचारांना जे अपुरे पडत होते, तेवढेच तिने हाती घेतले. रुग्ण कोणाच्या रुग्णालयात आहे, हा प्रश्न तिने विचारला नाही. तो आपला आहे, एवढे तिला पुरले. पालमच्या मजुराला रुग्णालय निवडण्याची चैन नसते. तो जेथे पोहोचवला जातो, तेथेच समाजाने पोहोचले पाहिजे.

मग करायचे काय? प्रथम, मोठ्या यंत्राच्या मोहात पडू नये. यंत्र देताना छायाचित्र निघते. पण ते चालवणारा तंत्रज्ञ, त्याचे सुटे भाग आणि वार्षिक देखभाल यांची तजवीज नसेल, तर ते खोलीत धूळ खाते. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना विचारावे, की या महिन्यात कोणती गोष्ट अडते. उत्तर बहुधा लहान असते: नातेवाइकांचे जेवण, परतीचे भाडे, बाळांचे कपडे, एखादे औषध.

दुसरे, रक्त. त्याला पैसा लागत नाही. गावोगावच्या तरुणांची रक्तगटांसह यादी तयार असेल, तर मध्यरात्री अनोळखी शहरात दाता शोधत फिरण्याची वेळ कोणावर येणार नाही.

तिसरे, साहित्य. १९७२ च्या दुष्काळात जन्मलेल्या जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्याची केंद्रे अनेक गावांत चालतात. चाकाची खुर्ची, कुबड्या, वर-खाली होणारी खाट या वस्तू काही आठवड्यांपुरत्या लागतात. एकदा घेतलेली खुर्ची दहा घरांच्या कामी येते.

चौथे, माहिती. उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ च्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखायच्या असतात. त्यासाठी देयकांच्या २ टक्के रकमेचा वेगळा निधी ठेवायचा असतो. हे किती रुग्णांना ठाऊक असते? कागदपत्रे जुळवून देणारा एक जाणता कार्यकर्ता हेही मोठे दान आहे.

आणि शेवटी हिशेब. १९२८ पासून चालत आलेल्या गुरुदक्षिणेच्या पद्धतीत दोन गोष्टी आहेत: कोणी किती दिले, याचा गाजावाजा नाही आणि आलेल्या प्रत्येक पैशाचा हिशेब चोख. रुग्णसेवेच्या निधीलाही हीच शिस्त हवी. पावती नोंदणीकृत न्यासाचीच असावी. मदत मिळालेल्या रुग्णाचे छायाचित्र छापू नये. त्याचे दुःख ही कोणाच्या प्रसिद्धीची सामग्री नव्हे. पण जमाखर्च मात्र सप्ताहाप्रमाणे गावासमोर मोठ्याने वाचला जावा. जेथे हिशेब वाचला जातो, तेथे दुसऱ्या वर्षी झोळी पसरावी लागत नाही.

पालमपासून जवळच गंगाखेड आहे, संत जनाबाईंचे गाव. त्यांचे जाते सर्वांना ठाऊक आहे. जात्यात एकाच वेळी पोते रिकामे करता येत नाही; घास घासच टाकावा लागतो आणि हात थांबू द्यायचा नसतो. एकदाच दिलेल्या लाखापेक्षा शंभर घरांनी दरमहा दिलेले शंभर रुपये अधिक काळ टिकतात, कारण त्यांच्यामागे शंभर घरांचे लक्ष असते. पुढील सप्ताहात पंगतीच्या धान्याबरोबर एक डबा रुग्णांच्या नावाने ठेवला जावा. काल्याच्या दिवशी त्याचाही हिशेब वाचला जावा. नांदेडच्या किंवा परभणीच्या रुग्णालयात व्हरांड्यात बसलेल्या पालमच्या एखाद्या माउलीला त्या संध्याकाळी कोणी विचारावे, 'जेवलात का?' दान खाटेपर्यंत पोहोचले, याची तेवढी खूण पुरेशी आहे.