डोंगर, नदी आणि खाडी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्यापैकी बहुतेक घराणी मूळची कोकणातील खाडीकाठची. पोटापाण्यासाठी आपण मुंबई-पुण्यास आलो. परंतु सातबाराच्या उताऱ्यावरील नावे अद्याप तेथेच आहेत. त्या भूमीचे भवितव्य ठरविणारी काही शास्त्रीय साधने आज सिद्ध झाली आहेत. त्यांचा अल्प परिचय करून देण्याचे मी योजिले आहे.

कोकणची नदी लांबीने आखूड व उताराने तीव्र. वासिष्ठीचेच उदाहरण घ्या. डोंगरावरील जंगल तुटले की माती सुटते. तिचा गाळ बसून पात्र उथळ होते. कोयनेच्या वीजगृहांतून सुटलेले पाणीही याच नदीस मिळते. अशा वेळी अतिवृष्टी झाली आणि समोरून भरती आली, म्हणजे पुरास वाट उरत नाही. जुलै २००५ आणि जुलै २०२१ या दोन्ही वेळी चिपळूणने हा अनुभव घेतला. डोंगर एका खात्याचा, नदी दुसऱ्याची आणि किनारा तिसऱ्याचा, ही आपली वाटणी निसर्गास मान्य नाही.

म्हणूनच संशोधकांनी समग्र विचाराची साधने निर्मिली. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली अहवाल सादर केला. तिने पश्चिम घाटाच्या नकाशावर सुमारे ९ किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडून प्रत्येकास जीवसृष्टी, उंची, उतार इत्यादींवरून गुण दिले व संवेदनशीलतेच्या तीन श्रेणी लावल्या. २०१३ साली कस्तुरीरंगन यांच्या गटाने उपग्रहचित्रांच्या आधारे गाव हे एकक धरले. किनाऱ्यासाठी १९९१ पासून नियमन क्षेत्राची अधिसूचना आहे. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे खाडीकाठी भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी तेवढा पट्टा नियमाखाली येतो.

ही साधने मोलाची खरी. तथापि उपग्रहास सारेच दिसत नाही. आपल्या पूर्वजांनी खाजणास बांध घातले व त्यांत उघाडी बसविली. ओहोटीस शेतातील पाणी तिच्यातून बाहेर पडते. भरती येताच तिची झडप मिटते. बांधाची डागडुजी थांबली की खारे पाणी आत शिरते, भातशेती बुडते. कालांतराने तेथे कांदळवन उगवते आणि नियमानुसार ती भूमी अतिसंवेदनशील ठरते. कांदळवनाचे रक्षण झालेच पाहिजे. परंतु पिकते शेत खाडीस द्यावयाचे की राखावयाचे, हा निर्णय आपल्या अनास्थेने होऊ नये. सहहिस्सेदारांपैकी कोणीच गावी फिरकत नाही, तेथे तो तसाच होत असतो.

यास्तव माझी विनंती एवढीच, की प्रत्येक कुटुंबाने वडीलधाऱ्यांना विचारून एक टिपण करावे. बांध कोठे होता, उघाडी कोठे, पुराचे पाणी कोणत्या पायरीस लागले, विहीर केव्हा खारावली, हे तारीखवार लिहावे आणि त्याची एक प्रत संघाच्या कार्यालयात ठेवावी. किनारा आराखड्याचा मसुदा जनसुनावणीस येतो, तेव्हा मुदतीत दिलेली लेखी हरकतच उपयोगी पडते. मागाहून केलेला शोक नव्हे. शास्त्रज्ञांचा नकाशा आणि गावची स्मृती यांची सांगड घालणे आपल्या हाती आहे, आणि ही स्मृती बाळगणारी पिढी आज आपल्यात बसलेली आहे.