मालकाचे यंत्र आणि माणसाचे खाजगीपण



दिवसभर उन्हाने तापून निघालेली माणसे संध्याकाळी ओसरीवर वारा घेत न बसता व्याख्यान ऐकायला येतात, ही गोष्ट लहान नाही. त्यातून आजचा वक्ता असा, की ज्याच्या नावापुढे पदवी नाही. युनियनची कचेरी आणि गावचे वाचनालय हेच माझे कॉलेज. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण ठेवू नये. जे कामगारांमध्ये राहून पाहिले आणि रात्री वाचून समजून घेतले, तेवढेच सांगणार आहे.

विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्याने मला विचारले, "तुम्ही मोर्चे काढणारी माणसे, तुम्हाला संगणकाशी काय करायचे?" प्रश्न रास्त आहे. पण आजचा कामगार कुठे बसला आहे ते पाहा. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून फुटून आपला वाशिम जिल्हा झाला, तेव्हा कचेऱ्यांतून टंकलेखन यंत्राची टकटक ऐकू येत असे. आज बाजार समिती, पतसंस्था, दवाखाना, शाळेचे कार्यालय, खताचे दुकान, कुठेही जा, एक तरुण मुलगा किंवा मुलगी पडद्यापुढे मान घालून बसलेली दिसते. त्यांना आपण 'ऑपरेटर' म्हणतो. पगार थोडा, नेमणूक बहुधा कंत्राटी, आणि संघटना मुळीच नाही. हा आपल्या काळचा गिरणी कामगार होय. म्हणून त्याचा प्रश्न हा माझा प्रश्न आहे.

कामगार चळवळीचा सगळा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो असे मला वाटते. मालक पगार देतो तेव्हा माणसाचे नेमके काय विकत घेतो? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, त्या वेळी मालकांची समजूत अशी होती की कामगाराचा सगळा आठवडा आपलाच. लोखंडे लढले, आणि १० जून १८९० ला आठवड्याच्या सुट्टीची मागणी मान्य झाली. पुढे कामाचे तास ठरले. म्हणजे वेळेपुरती रेघ ओढली गेली: इतका वेळ तुमचा, इतका माझा.

दुसरी रेघ अंगावरच्या झडतीची. गिरणीच्या दारावर कामगाराचे खिसे चाचपले जात. मालकाला आपला माल जपायचा असतो, हे कोणी नाकारत नव्हते. पण झडती कोणी घ्यावी, कोणादेखत घ्यावी, बाईची कोणी घ्यावी, याला काही रीत हवी की नको? म्हणून १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात ज्या बाबींवर लेखी नियम करायचे, त्या यादीत ठरलेल्या दारानेच ये-जा करणे आणि झडती हाही विषय घातला गेला. झडती बंद झाली नाही. ती नियमाखाली आली.

आज झडती खिशाची नाही, मनाची आहे. आणि तिला दारही नाही अन् रीतही नाही.

एक प्रसंग सांगतो. गाव सांगत नाही, कचेरीही सांगत नाही. एक तरुण ऑपरेटर माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "भाऊ, मी दुसरीकडं नोकरीचा अर्ज केला, हे साहेबाले कसं मालूम झालं? मी तं घरीबी सांगतलं नोतं."

मी विचारले, "अर्ज केला कुठून, बापू?"

"हापिसातल्याच कंप्युटरवरून. पण जेवणाच्या सुट्टीत केला भाऊ, कामाच्या वेळात नाही."

त्या पोराची सचोटी पाहा. मालकाच्या वेळेतले एक मिनिटही त्याने चोरले नव्हते. पण वेळ त्याची असली तरी यंत्र त्याचे नव्हते, आणि आपले टपालाचे खाते तो त्या यंत्रावर उघडेच ठेवून डबा खायला जात असे. कोणीतरी खुर्चीत बसले आणि सगळे वाचले. पुढच्या महिन्यात त्याला कामावरून कमी केले. कारण कागदावर दुसरेच दाखवले होते.

आता हे यंत्र पाहते तरी कसे, ते नीट समजून घेऊ. न समजता घाबरणे हे न समजता निर्धास्त राहण्याइतकेच वाईट.

कचेरीतून बाहेर जाणारा प्रत्येक निरोप कचेरीच्या एकाच दरवाजातून जातो. त्या दरवाजावर नोंदवही ठेवता येते: कोणत्या यंत्रावरून, किती वाजता, कोणत्या संकेतस्थळाकडे कोण गेले. पत्त्याच्या पट्टीत कुलपाचे चिन्ह असले म्हणजे तुमचे पत्र लिफाफ्यात बंद आहे. दरवाजावरच्या माणसाला लिफाफ्यावरचे स्थळाचे नाव साधारणपणे दिसते, आतला मजकूर दिसत नाही. एवढ्यावर पुष्कळ जण निश्चिंत होतात. पण यंत्र कचेरीचे असेल तर कचेरी आपले स्वतःचे प्रमाणपत्र त्यात बसवू शकते. मग तो लिफाफा वाटेत उघडला जातो, वाचला जातो, आणि पुन्हा डकवून पुढे पाठवला जातो. कुलपाचे चिन्ह जागच्या जागीच असते!

याहून जवळचा पहारेकरी म्हणजे यंत्रातच बसवलेला पाळतीचा प्रोग्राम. तो लिफाफ्याची वाट पाहत नाही. तुम्ही लिहीत असतानाच तो खांद्यावरून वाचतो. कोणती कळ दाबली हे टिपणारे प्रोग्राम आहेत, आणि ठराविक वेळाने पडद्याचे छायाचित्र घेणारेही आहेत.

कित्येक तरुण मला म्हणतात, "आम्ही इन्कॉग्निटो खिडकी उघडतो, मग काही राहत नाही." हा मोठा गैरसमज आहे. ती खिडकी बंद केल्यावर फक्त त्या ब्राउझरमधली पाटी पुसली जाते. दरवाजावरची नोंदवही तशीच राहते, आणि खांद्यावरून वाचणारा तर वाचतच असतो. तुमच्यानंतर खुर्चीत बसणाऱ्या सोबत्यापासून ती थोडे रक्षण करते, मालकापासून नाही.

आणि खरे सांगायचे तर आपल्याकडच्या लहान कचेऱ्यांत एवढी अवजड यंत्रणा क्वचितच लागते. तिथे एक संगणक तीन जण वापरतात, एकच पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असतो, आणि तो कागदावर लिहून पडद्यालाच चिकटवलेला असतो. कोणाचे व्हॉट्सॲप उघडे, कोणाचा बँकेचा पासवर्ड ब्राउझरने जपून ठेवलेला, कोणाच्या आधार कार्डाची प्रत डाउनलोडच्या फोल्डरात पडलेली. खाजगी गोष्टी बहुतेक वेळा हेराच्या चतुराईने बाहेर जात नाहीत. आपणच दार लोटून घ्यायचे विसरतो.

आता मालकाचीही बाजू मांडली पाहिजे. एकतर्फी बोलणे मला आवडत नाही. पतसंस्थेच्या संगणकात ठेवीदारांची खाती असतात, दवाखान्याच्या संगणकात रोग्यांची दुखणी असतात. कोणी घरचा पेनड्राइव्ह लावला आणि त्यातून विषाणू शिरला, तर नुकसान शेकडो लोकांचे होते. यंत्र मालकाचे, जबाबदारी मालकाची; तेव्हा काही देखरेख त्याने ठेवावी हे न्यायाचेच आहे. कामाच्या वेळी दिवसभर सिनेमा पाहणाऱ्याची वकिली करायला मी इथे उभा नाही. माझा प्रश्न एवढाच आहे: देखरेख कशासाठी, किती, आणि सांगून की चोरून?

या प्रश्नाचा निवाडा युरोपात झाला आहे. रुमानिया देशात बर्बुलेस्कू नावाचा एक इंजिनियर विक्रीचे काम पाहत असे. गिऱ्हाइकांना उत्तरे देण्यासाठी मालकाच्या सांगण्यावरून त्याने याहू मेसेंजरचे खाते उघडले. २००७ च्या जुलैत मालकाने त्यावरचे बोलणे काही दिवस टिपून घेतले. "मी खाजगी काही लिहिले नाही," असे त्याने लेखी कळवले, तेव्हा त्याच्यापुढे ४५ पानांची चळत टाकण्यात आली. त्यात त्याचे भावाशी आणि वाग्दत्त वधूशी झालेले बोलणे होते, प्रकृतीच्या अगदी आतल्या गोष्टीही होत्या. त्याची नोकरी गेली. देशातल्या न्यायालयांत तो हरला. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयातही २०१६ साली पहिल्या फेरीत हरला. तो थांबला नाही. ५ सप्टेंबर २०१७ ला त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला.

लक्षात घ्या, खाजगी वापर करू नये असा त्या कचेरीचा नियम होता आणि तो त्याला ठाऊक होता. तरीही न्यायालयाने पाहिले ते असे: देखरेख होणार आहे, तीही मजकूर वाचण्याइतकी खोल होणार आहे, हे त्याला आधी सांगितले होते काय? तसे सबळ कारण होते काय? याहून सौम्य उपाय नव्हता काय? मालकाने कितीही नियम केले तरी कामाच्या जागी माणसाचे खाजगी जीवन शून्यावर आणता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

या निकालाच्या बाराच दिवस आधी, २४ ऑगस्ट २०१७ ला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले, की खाजगीपण हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. आणि आपल्या शेजारचे एक उदाहरण पाहा. अकोल्याच्या भविष्यनिर्वाह निधी कचेरीत काम केलेल्या एका अधिकाऱ्याचे मेमो आणि मालमत्तेचा तपशील कोणी माहितीच्या अधिकारात मागितला होता. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की ही व्यक्तिगत माहिती आहे. मोठे लोकहित दाखवल्याशिवाय ती मिळणार नाही. आता जर नोकराचा मेमोसुद्धा खाजगी, तर त्याने बायकोला लिहिलेले चार शब्द किती खाजगी असावेत?

पण भ्रमात राहू नका. मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध उगारता येतो. खाजगी दुकानदाराविरुद्ध तो तसाच्या तसा चालत नाही. त्यासाठी २०२३ साली व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्या कायद्यात मालकासाठी एक वाट ठेवलेली आहे. नोकरीच्या कामासाठी, किंवा धंद्यातली गुपिते फुटून नुकसान होऊ नये म्हणून, नोकराची माहिती त्याच्या संमतीवाचूनही वापरता येते. ही वाट किती रुंद, हे पुढे न्यायालये ठरवतील. तोवर ती मोकळ्या मैदानासारखी होऊ न देणे हे संघटनेचे काम आहे.

आता पाळत यंत्रापुरतीही राहिलेली नाही. नागपुरात सफाई कामगारांच्या मनगटावर ते कुठे आहेत हे सांगणारी घड्याळे आली. अंगणवाडी सेविकांनी ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने दिलेले फोन परत केले. तक्रार होती निकृष्ट फोनची आणि इंग्रजीतल्या ॲपची. पण त्यातून दुसरा प्रश्न पुढे आला: कचेरीचे ॲप आपल्या स्वतःच्या फोनमध्ये घ्यावे काय? घेतले, तर कचेरी घरात शिरली. म्हणून असे ॲप कोणकोणत्या परवानग्या मागते ते वाचा. हजेरीसाठी छायाचित्र लागेल, पण तुमचे संपर्क कशाला हवेत?

तेव्हा आपण काय करावे? पहिला नियम जुनाच आहे: मालकाच्या भांड्यात घरचे शिजवू नये. खाजगी टपाल, बँक, नोकरीचा अर्ज, दवाखान्याचा कागद आणि युनियनचा निरोप आपल्या फोनवरून, आपल्या डेटावरून पाठवावा. कचेरीच्या वायफायवरून नाही. उठताना खिडकी नुसती बंद करू नका, खात्यातून बाहेर पडा. पासवर्ड जपून ठेवू का असे यंत्र विचारते, तेव्हा 'नाही' म्हणा. खात्याला दुहेरी कुलूप लावा, म्हणजे पासवर्ड फुटला तरी ओटीपीवाचून कोणी आत येणार नाही. आधारची प्रत द्यायची झाली तर पहिले आठ अंक झाकलेली द्या. आणि पाळतीचा प्रोग्राम स्वतः काढून टाकायला किंवा चोरवाटेने बाहेर जायला धावू नका. शिस्तभंगाचा ठपका आयता तुमच्यावर येईल. पैसे गेले तर लाजत न बसता १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा.

पण बंधूंनो, एकट्याच्या सावधगिरीने अर्धेच काम होते. उरलेले एकजुटीने करायचे आहे. मागणी साधी आहे: देखरेख आहे तर लेखी सांगा, काय टिपता, किती दिवस ठेवता, कोण पाहतो ते कळू द्या, मजकूर वाचायचा तर कारण सांगून, आणि ज्याचा आहे त्याच्या समक्ष वाचा, टिपलेल्या गोष्टीवरून शिक्षा करायची तर आधी त्याचे म्हणणे ऐका, जेवणाच्या सुट्टीत आणि घरी पाळत नको. स्थायी आदेशांची सक्ती नव्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे, म्हणजे २१ नोव्हेंबर २०२५ पासून, ३०० किंवा अधिक कामगार असतील तिथेच आहे. आपल्याकडची बहुतेक दुकाने आणि कचेऱ्या त्यात बसत नाहीत. म्हणून कायद्याची वाट न पाहता मालकाशी बसून एका पानाचा करार करावा लागेल. समजूतदार मालक नाही म्हणणार नाही, कारण ज्याच्यावर चोरून नजर असते तो माणूस जीव लावून काम करत नाही, हे त्यालाही कळते.

ऑपरेटर मुलामुलींना जाता जाता आणखी एक सांगतो. तुमच्या यंत्रात केवळ तुमचेच नव्हे, तर सातबाऱ्यासाठी, दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याचे कागदही आहेत. आपल्या खाजगीपणासाठी भांडणाऱ्याने त्याच्या कागदाची प्रत इकडे-तिकडे जाऊ देता कामा नये. हक्क मागणाऱ्याच्या अंगी ही शिस्त असली, म्हणजे त्याच्या मागणीला वजन येते.

उद्या कामावर गेलात की एवढे करा: फोनवर व्हॉट्सॲपमधले 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा, आणि कचेरीचे यंत्र तिथे जोडलेले दिसले तर काढून टाका. एक मिनिटाचे काम आहे. मग शेजारच्या खुर्चीवरच्याला सांगा. आमच्या सगळ्या संघटनांची सुरुवात अशीच शेजारच्याला सांगण्यापासून झाली आहे.